पडद्यांचे गोंडे आणि गोव्यातला पावसाळा: टिकतील असे कसे करायचे?

सुईदोरा_फोंडा

नमस्कार. मी फोंड्याला पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं शिवते. सध्या लोटलीतल्या एका जुन्या घराचं काम घेतलंय. मालकीणबाईंनी घर पाहुण्यांना राहायला द्यायला काढलंय, म्हणून सालाचे पडदे नव्याने व्हायचे आहेत. (साल म्हणजे आमच्या जुन्या घरांतला मोठा दिवाणखाना, गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगितलं.) बारा खिडक्या, प्रत्येकीला दोन पाखं, उंची सव्वाआठ फूट. कापड जाड सुती, क्रीम रंगाचं, आतून अस्तर आणि कडेला विटकरी पट्टी.

पडद्यांची मला काळजी नाही. अडलंय ते गोंड्यांवर. प्रत्येक पाख्याला गोफाचा बंद, त्याला लोंबता गोंडा, आणि वर पेल्मेटला (म्हणजे पडद्याचा दांडा झाकणाऱ्या पट्टीला) झालर, असं बाईंच्या डोक्यात आहे. आधी त्यांनी तयार गोंडे मागवले होते, ते मी हातात घेऊन पाहिले. रेयॉनचे, चकचकीत. आता झुपके ओल्या केसांसारखे चिकटून बसलेत, गोफाचा पीळ सुटलाय, गळ्याशी काळे ठिपके आहेत आणि एका खिडकीत मरून रंग पडद्यावर उतरलाय. पाऊस आत आला नव्हता म्हणतात, नुसत्या हवेच्या ओलीने झालं.

तर सूत कुठलं घेऊ? गोफ घरी पिळला तर पीळ टिकेल का? आणि गोंड्याचं लाकडी डोकं (ज्याखाली झुपका बांधतात ते) इथे जवळपास कुठे करून मिळेल? जाणकारांनी लिहा.

मांडवीकाठ

उत्तर सोपं आहे, गोंडे लावू नका. धूळ बसते, पाली लपतात, पाहुण्यांची पोरं ओढतात. साधी कापडी पट्टी शिवा, हुकात अडकवा, मोकळ्या व्हा.

सुईदोरा_फोंडा

कापडी पट्टीच मीही सुचवली होती. बाईंनी मला भिंतीवरचे जुने फोटो दाखवले, त्यात खिडक्यांना हे भलेमोठे गोंडे. तेव्हा तो विषय तिथेच संपला.

कापूसकोंड्या

सूत तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

धागा हाडासारखा कोरडा करून मग ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला, तर तो स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी ओढून घेतो याचे ठरलेले आकडे असतात. व्हिस्कोस रेयॉन १३ च्या आसपास, रेशीम ११, कापूस साडेआठ, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. हे झालं ६५ टक्क्यांना. जुलैत आपल्याकडे हवा दिवसचे दिवस ८५ च्या वर असते. शिवाय रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. कापसाचं उलट, तो ओला झाला की थोडा बळकटच होतो. थोडक्यात, ज्या धाग्याला सगळ्यात जास्त तहान आणि ओलं झाल्यावर सगळ्यात कमी दम, नेमका तोच चमकतो म्हणून लोक गोंड्याला वापरतात. कोरड्या हवेच्या गावात चालतो तो. लोटलीत नाही चालणार.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. कापूस आणि रेयॉन दोन्ही सेल्युलोज, म्हणजे तिचं अन्नच. पॉलिएस्टर तिला पचत नाही, पण त्याच्यावर बसलेली धूळ आणि हाताचं तेल पचतं, तेव्हा पॉलिएस्टरला बुरशी येतच नाही या भ्रमात राहू नका. आणखी एक: झुपका ताठ राहावा म्हणून खळ देतात, ती अजिबात देऊ नका. खळ बुरशीलाही आवडते आणि कसरीलाही.

माझं मत विचाराल तर बाहेरून दिसणारा भाग मर्सराइज्ड सुताचा करा. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सुती कापड कॉस्टिक सोड्यात बुडवलं तर ते दाट आणि मजबूत होतं, रंगही चांगला धरतं, हे शोधलं. चमक मात्र तेव्हा मिळाली नव्हती. ती १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली तेव्हा आली. रेयॉनइतकं झगमगत नाही, पण दिव्याच्या उजेडात देखणं दिसतं आणि लोळागोळा होत नाही. गोफाच्या पोटात मात्र पॉलिएस्टरची दोरी घाला, म्हणजे लांबी बदलणार नाही.

रंगाची परीक्षा घरीच करा. धाग्याची लहान लड ओल्या पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर वरवंटा ठेवा, सकाळी उघडा. कापडावर जरा जरी गुलाबी आलं तरी ते सूत परत करा. विटकरी आणि मरून हे दोन रंग हमखास दगा देतात. विकत घेताना व्हॅट रंगाचं (धुतलं तरी न उतरणाऱ्या पक्क्या रंगाचा एक प्रकार) सूत मागा, महाग पडेल पण मागाच.

शेवंती

वाचनखूण साठवली.

माझ्या आजीची आगवळ अजून आहे माझ्याकडे, काळ्या सुताची, टोकांना लाल गोंडे. एवढी वर्षं वेणीत, तेलात, घामात वापरलेली, पण गोंडा अजून तसाच भरगच्च आहे. पटवेकऱ्याकडची आहे असं ती सांगायची. हे लोक दागिने ओवायचे, करगोटे करायचे, गोंडे बांधायचे. आता आमच्या बाजारात दागिने ओवून देणारा एकच बसतो आणि तोही नायलॉनवर. सुईदोराताई, एखादा पटवेकरी मिळाला तर त्याला नुसतं गळा बांधताना बघा. गाठ कुठे दिसतच नाही.

दर्यावरचो

गोंड्यातलं मला ओ की ठो कळत नाही, दोरातलं कळतं. आमच्या घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती. तेव्हाचे दोर काथ्याचे आणि सुताचे. सुती दोर ओला झाला की फुगतो आणि आखडतो, सुकला की पुन्हा ढिला. हे आत-बाहेर होता होता पीळ सैल पडतो. तुमच्या गोफाचं तेच झालं असणार, फक्त समुद्राऐवजी हवेतल्या ओलीने. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तो सुंभ पिळणाऱ्याने आधी नीट पिळलेला असतो. बाजारातला शोभेचा गोफ बहुतेक अर्ध्या पिळाचा असतो, कारण पीळ कमी दिला की तेवढ्याच सुतात गोफ लांब होतो. दोन बोटांत धरून उलटा फिरवून बघा, पदर लगेच उघडे पडले तर घेऊ नका.

जुनं_खोड

दर्यावरचो यांनी मर्मावर बोट ठेवलं. पिळाबद्दल मी लिहितो. आमच्या घरी टकळीवर जानवी होत असत, त्यामुळे हे लहानपणापासून हातात आहे.

जानव्याचं सूत चार बोटांवर ९६ वेढे मोजून घेतात. ते तिहेरी करून एका दिशेने पिळतात, मग पुन्हा तिहेरी करून उलट दिशेने. नऊ तंतू होतात ते असे. दोन पीळ एकमेकांच्या विरुद्ध असतात, म्हणून एक सुटायला निघाला की दुसरा आवळतो. अंगावर घामात, आंघोळीत राहूनही जानवं उसवत नाही ते यामुळेच. पडद्याच्या गोफाला वेगळं काही शास्त्र नाही, जाडी तेवढी वाढवायची.

आता कृती. सुताचे समान जाडीचे तीन पदर घ्या. एका पदरात किती धागे ते नमुना करून ठरवा, पंचवीस-तीसपासून सुरुवात करा. लांबी तयार गोफाच्या दीडपट धरा आणि दोन्ही टोकांना वीतभर जास्त. मूळ सूत ज्या बाजूला पिळलेलं आहे त्याच्या उलट बाजूला प्रत्येक पदर पिळायचा. ड्रिल मशीनच्या तोंडात कपाचा हुक बसवला तर काम फटाफट होतं, मात्र तिन्ही पदरांना फेरे सारखेच पडले पाहिजेत. ते मोजायला दुसरा माणूस बसवा. ड्रिल चालवणाऱ्याला मोजता येत नाही, तो फक्त मोजल्यासारखं करतो. पदर जरा ढिला सोडला की जागच्या जागी वेटोळं पडायला लागलं, म्हणजे पुरेसा पीळ भरला. मग तिन्ही पदर एकत्र धरून, मध्ये पॉलिएस्टरची दोरी ठेवून, उलट दिशेने सोडा. पहिला फेरा गोफ स्वतःच घेतो. तिथे थांबू नका, वर आणखी थोडा पीळ हाताने द्या, बाजारचे लोक नेमका तोच देत नाहीत.

झाल्यावर खाली वजन बांधून रात्रभर टांगा. वजन जमिनीला टेकता कामा नये आणि गरगर फिरताही कामा नये, म्हणून त्याला आडवी काठी अडकवा. सकाळी इस्त्रीची वाफ लांबून द्या. कापायच्या जागी आधी दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या आणि मगच कात्री लावा. न बांधता कापला तर सगळी मेहनत डोळ्यांदेखत उलगडते.

बंदाची लांबी पुस्तकातून घेऊ नका. पडदा टांगून, गोळा करून, मापाची टेप सैल फिरवून बघा. तुमच्या अस्तरवाल्या पडद्याला ७५ ते ८० सेंटीमीटर लागेल असं वाटतं. फार आवळलेला पडदा गळा दाबल्यासारखा दिसतो आणि सोडल्यावर सुरकुत्या राहतात.

सुईदोरा_फोंडा

काका, देव बरें करूं! हे सगळं उतरवून घेतलं. पायपिंगची दोरी माझ्याकडे पॉलिएस्टरचीच आहे, पोटात तीच घालते.

डोक्याचं कुणी सांगेल का? लाकडी मोठे मणी घेऊन बघितले, पण त्यांचं भोक बारीक असतं. वरून सूत गुंडाळायचं तर प्रत्येक वेढा भोकातून जायला हवा.

लेथवाला_बांदा

मणी नकोत. कातारी गाठा. सावंतवाडीला लाकडी खेळणी कातणारे आहेत, तुम्हाला फोंड्याहून फार लांब नाही. भोवरा कातणाऱ्या माणसाला गोंड्याचं डोकं म्हणजे डाव्या हाताचं काम. कागदावर आकृती काढून द्या: उंची ५ सेंटीमीटर, जाडीला सगळ्यात रुंद जागी ४, आरपार भोक १२ मिलीमीटरचं, आणि खालच्या कडेला एक खाच, ज्यात झुपक्याचा बांध बसेल. ही खाच विसरू नका. खाच नसली तर झुपका घसरतो, आणि मग लोक गोंद थापत बसतात.

आता माझी एक सूचना. डोक्यावर सूत गुंडाळूच नका. सावंतवाडीत लाखकाम होतं. लाकूड लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. विटकरी लाखेचं डोकं आणि त्याखाली क्रीम सुताचा झुपका, डोळ्यांपुढे आणून बघा. गोंद नाही, सूत कमी, वेळ कमी. आणि ओल साठायला आतली जागाच नाही, तुमचे काळे ठिपके गळ्याशीच होते ना? दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीलाही चितारी मंडळी लाखकाम करतात, ते तर लोटलीहून आणखी जवळ.

लाखेला एकच पथ्य, पाणी साचू द्यायचं नाही. फार ओल लागली तर पांढुरकी झाक येते. वर्षातून एकदा मेणाचा हात फिरवा. आणि लाकूड वाळलेलं आहे ना, ते आधी विचारा. ओल्या लाकडाची डोकी उन्हाळ्यात तडकतात.

सुईदोरा_फोंडा

लाखेचं डोकं! हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. बाईंना फोटो पाठवते.

बेळगावहून

सगळं ठीक, पण जर कुठे गेली? गोंडा म्हटला की गळ्याला जरीचे चार वेढे हवेतच. नाहीतर तो झाडू दिसतो. बेळगावात हवी तेवढी जर मिळते.

कापूसकोंड्या

बेळगावात वापरा, खुशाल वापरा. लोटलीत नको. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर असतो, खारट ओल्या हवेत तो गेला की खालचं तांबं हिरवट काळं पडतं आणि शेजारच्या क्रीम सुताला डाग देतं. सोनेरी रंग हवाच असेल तर प्लॅस्टिक जर घ्या, म्हणजे धातूचा लेप दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. जवळून बघितली तर ती स्वस्त दिसते, त्याला इलाज नाही.

जुनं_खोड

देवळांतल्या पालख्यांना जरीच्या झालरी आणि गोंडे असतातच की, आणि त्या टिकतात. पण कशा टिकतात ते बघा. मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते. पालखी फिरली की तिचा सरंजाम लगेच कोरड्या जागी ठेवायची शिस्त मोठ्या देवस्थानांत असते. मखरोत्सवाच्या सजावटीचंही तसंच, नवरात्रापुरतं वर येतं, मग पेटीत. पडद्याचा गोंडा बिचारा बाराही महिने खिडकीत उभा. त्याला पालखीचे कपडे घालून कसं चालेल?

यातून तुम्हाला घेण्यासारखी गोष्ट ही की बंद पडद्याला शिवू नका. दोन्ही टोकांना पितळी कडी लावा, हुकातून निघेल असा करा. जूनच्या पहिल्या पावसाला सगळे बंद उतरवायचे, झटकायचे, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचे, ऑक्टोबरात पुन्हा लावायचे. पावसाळ्यात पर्यटक थोडे, तेवढे महिने तुमची कापडी पट्टी चालेल. मांडवीकाठ यांनाही बरं वाटेल.

मांडवीकाठ

बरं वाटलं.

तसाही हा सगळा फिरंगी थाट. पोर्तुगिजांनी आणला, ते गेले, धुळीचे गोंडे आपल्याला ठेवून गेले.

कापूसकोंड्या

अर्धवट खरं. खिडकीला जड पडदे, त्यांना गोफ आणि गोंडे ही युरोपची रीत, हे मान्य. फ्रान्समध्ये झालर, गोफ, गोंडे करणाऱ्यांचा वेगळा संघ होता आणि शिकाऊ पोराला वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे. १६८५ मध्ये तिथल्या राजाने प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं तेव्हा हजारो कारागीर देश सोडून गेले, त्यातले बरेच विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात वसले आणि आपली कला तिकडे घेऊन गेले.

पण वाहतूक एकाच दिशेने नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावच्या बाजूला सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमाचं भरतकाम करून मोठमोठ्या रजया तयार होत. पोर्तुगीज त्यांना कोल्चा म्हणत आणि जहाजं भरभरून लिस्बनला नेत. आपल्याकडच्या रेशमी झालरींच्या रजया त्यांच्या पलंगांवर होत्या. आणि आगवळीचे गोंडे, हत्तीच्या झुलीचे गोंडे, छत्रीची झालर हे काय फिरंग्यांनी शिकवलं? कधी जुन्या गोव्याला सांता मोनिकाच्या मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा, तिथल्या पाद्र्यांच्या झग्यांवरचं जरीकाम बघून हात कुणाचे ते ओळखू येतं.

काणकोणचो

अवांतर: गोफाचा धागा आणि गोव्याच्या गोफाचं नावच कुणी काढलं नाही! आमच्या काणकोणात शिगम्याला गोफ नाचतात. वर मधोमध रंगीत दोर बांधलेले, प्रत्येकाच्या हातात एकेक, नाचता नाचता एकमेकांच्या आतून-बाहेरून जात वेणी गुंफतात आणि मग उलट्या पावलांनी नाचत ती पूर्ण सोडवतात. एक माणूस चुकला तर सगळ्यांचा गुंता. जुनं_खोड काकांच्या ड्रिलपेक्षा आमची पद्धत बरी, फक्त पडद्याच्या मापाची नाही.

जुनं_खोड

तुमचा गोफ सुटण्यासाठीच गुंफलेला असतो हो. हिला न सुटणारा हवाय!

सुईदोरा_फोंडा

मंडळी, नमुना तयार झाला. बाईंना लाखेचं डोकं फार आवडलं, सूत न गुंडाळता तसंच ठेवायचं ठरलं. गोफ काकांच्या पद्धतीने पिळला, हाताने जास्तीचा पीळ दिला, आता उलटा फिरवला तरी उघडत नाही. रंगाच्या परीक्षेत एक विटकरी सूत नापास झालं, दुसरं पास.

आता झुपका. दोन प्रकार करून शेजारी शेजारी टांगले. एक कापीव, म्हणजे पुठ्ठ्यावर गुंडाळून खालून कापलेला. दुसरा पिळाचा: आठ धाग्यांचा पदर जास्त पीळ देऊन मधोमध दुमडायचा, तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो आणि खाली कापलेलं टोक न येता गोल वळण येतं. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून दार लावलं आणि दोन्ही आत टांगून ठेवले. कापीव झुपका मलूल झाला. पिळाचा जसाच्या तसा.

म्हणून पिळाचाच करायचा. पण हिशोब मांडला आणि धडकी भरली. १५ सेंटीमीटरच्या एका पिळाला आठ धागे, प्रत्येकी ३६ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ २ मीटर ८८ सेंटीमीटर सूत. डोकं दोन थरांत भरायचं तर १६० पीळ. एका गोंड्याला ४६० मीटर. माझं सूत २/२० चं (वीस नंबरचं दुपदरी), ते ग्रॅमला साधारण १७ मीटर भरतं, म्हणजे २७ ग्रॅम. सुताचं काही नाही, चोवीस गोंड्यांचं सगळं मिळून पाऊण किलोच्या आत आहे. पण पीळ होतात तीन हजार आठशे चाळीस!

मांडवीकाठ

मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं?

शेवंती

ताई, आतला थर कापीवच करा ना. तो दिसत नाही, नुसता भरावासाठी असतो. बाहेरचा थर पिळाचा, आतल्याला तो सावरून धरेल. निम्मं काम वाचलं.

आणि भाव सांगताना सुताच्या वजनावर सांगू नका. गिऱ्हाईक सूत मोजतं, वेळ मोजत नाही. जोडीचा एक भाव सांगा, त्यात लाखेचं डोकं, पितळी कड्या, सगळं धरून. गावातल्या बचत गटाच्या बायकांना पीळ करायला द्या, नगावर पैसे ठरवून. हुक लावलेली खुर्ची आणि एक ड्रिल पुरतं.

जुनं_खोड

शेवंतीबाईंशी सहमत. बाहेरचा थर एकेक पीळ बांधून करू नका. आठ धाग्यांचा लांबच लांब पिळलेला पदर तयार ठेवा. पाटीवर दोन ओळींत खिळे ठोका, पिळाच्या लांबीएवढं अंतर ठेवून. वरच्या ओळीला सुती फीत ताणून लावा. पदर वर-खाली फिरवत खालच्या खिळ्यांवरून न्या, म्हणजे प्रत्येक खिळ्यावर एक दुमड येते. वरची कड फितीला शिवा, आणि मग खालचा खिळा सोडला की ती दुमड स्वतःभोवती गुंडाळते. एकदम सोडू नका, एकेक सोडा, नाहीतर शेजाऱ्यात अडकतात. अशी ८० पिळांची फीत झाली की ती डोक्याच्या खाचेत गुंडाळून घट्ट बांधायची.

पेल्मेटच्या झालरीलाही हीच पाटी. फक्त पीळ आखूड, ४-५ सेंटीमीटरचे. फितीची शिवण झाकायला वरून बारीक गोफ टाचा. तो गोंदाने चिकटवू नका, पावसाळ्यात पांढरा गोंद नीट वाळत नाही आणि पुढे पिवळा पडतो.

लेथवाला_बांदा

पाटी करायला सांगाल तर खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या कातून देतो. लोखंडी खिळ्याचा गंज क्रीम सुताला लागला की गेला नाही. तेच भिंतीतल्या हुकाचं. लोखंडी हुक नको, पॉलिश केलेला असला तरी. समुद्र जवळ असो वा नसो, आपल्या हवेत तो गंजणारच. पितळी घ्या, जाड.

आणि ताई, भिंत बघितलीत का? जुनं घर म्हणजे चिऱ्याची भिंत आणि वर चुन्याचा जाड गिलावा. साधा प्लग गिलाव्यातच राहतो, पाहुण्यांच्या पोराने एकदा बंद ओढला की हुक गिलाव्यासकट हातात येतो. भोक गिलावा ओलांडून चिऱ्यात जायला हवं, आणि चिरा सच्छिद्र असतो म्हणून प्लॅस्टिकच्या प्लगपेक्षा त्यात सागाची गोल खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू पिळलेला बरा. हातोडीचं ड्रिल वापरू नका, गिलाव्याचा पापुद्रा सुटतो.

सुईदोरा_फोंडा

भिंतीचा विचारच केला नव्हता कुणी! खुंट्या आणि पाटी दोन्ही तुमच्याकडूनच घेते, निरोप पाठवते. हुक किती उंचीवर? आणि चौकटीपासून किती लांब?

जुनं_खोड

उंची जमिनीपासून पडद्याच्या एक तृतीयांशाच्या जरा वर. सव्वाआठ फुटाला पावणेतीन ते तीन फूट. सगळ्या बारा खिडक्यांना एकच माप, जमीन उतरती असली तर जमिनीवरून नव्हे, खिडकीच्या उंबऱ्यावरून मोजा, जुन्या घरांत जमिनी सरळ नसतात. आडवं अंतर आत्ता ठरवू नका. पडदा टांगा, पूर्ण उघडा, त्याची बाहेरची कड जिथे पडेल तिथे खडूने खूण करा. मग भोक.

सुईदोरा_फोंडा

ठीक. शनिवारी पडदे टांगायला जातेय, खडू घेऊन.

मांडवीकाठ

फोटो टाका. धूळ बसायच्या आत.